परवानगी कोणी दिली, कशासाठी दिली?

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक व्यवहाराचा माग ठेवणे कंपन्यांना १ एप्रिल २०२३पासून बंधनकारक आहे. नोंद बदलली की तो बदल आणि त्याची तारीख एडिट लॉगमध्ये उतरली पाहिजे, लॉग बंद करता येता कामा नये, आणि तो वर्षभर चालू होता का, हे लेखापरीक्षकाने अहवालात लिहायचे. नियम योग्यच आहे, पण तो व्यवहारापाशी थांबतो. व्यवहार करणाऱ्याला तो करण्याची परवानगी कोणी, कशासाठी आणि कधीपर्यंत दिली होती, हे त्यात येत नाही. इआरपी बसवणाऱ्या आणि तपासणाऱ्या आपण सर्वांनी ही दुसरी नोंदही तितक्याच काटेकोरपणे ठेवली पाहिजे, आणि ती स्क्रीननुसार न ठेवता प्रक्रियेनुसार ठेवली पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे.

परवानग्यांचा तक्ता बहुधा आयटी विभागाकडे असतो आणि त्यात ट्रान्झॅक्शन कोडच्या रांगा असतात. तो सहीसाठी समोर आल्यावर खरेदीप्रमुखाने त्यातून काय समजून घ्यायचे? व्हेंडर मास्टरमधला बदल, पर्चेस ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद, बिल, पेमेंट यांतली एकेक परवानगी निरुपद्रवी दिसते. धोका असतो तो त्यांच्या जोडीत. पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक बदलणारा आणि त्याचे पेमेंट सोडणारा एकच असला, तर मधल्या सगळ्या सह्या व्यर्थ जातात. १९९५मध्ये बेअरिंग्ज बँक बुडाली, तेव्हा तिच्या सिंगापूरच्या कार्यालयात सौदे करणे आणि त्यांचा हिशेब मिटवणे ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या हाती होती. तोटा ८० कोटी पौंडांच्या वर गेला. २०१८मध्ये उघडकीस आलेल्या पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणात मुंबईच्या ब्रॅडी हाउस शाखेतून स्विफ्टवर हमीचे संदेश जात होते आणि कोअर बँकिंगमध्ये त्यांची नोंद होत नव्हती, कारण दोन्ही प्रणाली जोडलेल्याच नव्हत्या. एकेका सॉफ्टवेअरची यादी स्वतंत्रपणे तपासून अशी फट सापडत नाही. हमी देणे ही सलग प्रक्रिया धरून दोन्हीकडच्या परवानग्या एका कागदावर मांडल्या, तरच ती दिसते.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, कोणाला कोणते अधिकार आहेत हे सॉफ्टवेअरच दाखवते, मग वेगळी नोंद कशाला? पण ते दाखवते ती आजची स्थिती. हिशेबाची पुस्तके आठ वर्षे जपावी लागतात, आणि पाचव्या वर्षी एखाद्या व्हाउचरबद्दल प्रश्न निघाला तर त्या दिवशीची स्थिती लागते. सॅपसारख्या प्रणाली भूमिकांमधल्या बदलांचा इतिहास राखतात हे खरे, तरी बदल कोणाच्या मंजुरीने आणि कोणत्या कारणाने झाला, हे त्यातून आपोआप कळत नाही. दिवाळीच्या रजेत सहकाऱ्याचे काम सांभाळायला दिलेली परवानगी मार्चअखेरही चालूच राहते, ती याचमुळे: ती कधी संपायची, हे कोणी लिहिलेलेच नसते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्या कारखान्यात हिशेबाला दोनच माणसे आहेत, तिथे कामांची विभागणी करायची कशी? करता येत नाही, हे मान्य. म्हणून तर तिथे नोंदीची गरज जास्त आहे. अमुक दोन परवानग्या एकाच व्यक्तीकडे आहेत, मालकाला हे माहीत आहे, आणि बदली उपाय म्हणून तो दर महिन्याला बँक खात्यांच्या बदलांची यादी स्वतः पाहतो, एवढे त्याच्या सहीने लिहिलेले असले तरी लेखापरीक्षकाला तपासायला काहीतरी मिळते. मात्र एकच लॉगिन तिघे वापरत असतील, तर ही नोंद काय आणि एडिट लॉग काय, दोन्ही निरर्थक. सुरुवात तिथूनच करावी लागेल. त्यानंतर नोंदीची मालकी ठरवावी: खरेदीची खरेदीप्रमुखाकडे, पगाराची मनुष्यबळ विभागाकडे. आयटीने फक्त मंजूर झालेली परवानगी सॉफ्टवेअरमध्ये चढवायची, मुदत संपताच काढायची आणि दोन्ही तारखा लिहायच्या.