पूर ओसरला, पण धार आली!



आज एक खरी गोष्ट. सप्टेंबर १९२४ मध्ये रशियातल्या लेनिनग्राड शहरात महापूर आला. इव्हान पावलॉव्ह या शास्त्रज्ञाच्या कुत्र्यांच्या खोल्यांत पाणी शिरलं. माणसांनी कुत्र्यांना कसंबसं पोहवत बाहेर काढलं. पूर ओसरला, पण काही कुत्री शिकवलेलं सगळं विसरली. त्यातलं एक हळूहळू सावरलं. मग एके दिवशी त्याच्या खोलीच्या दाराखालून पाण्याची बारीक धार मुद्दाम आत सोडली. झालं! कुत्रं पुन्हा बिथरलं. धार बोटभर, भीती मात्र पुराएवढी!

माणसाचंही असंच होतं बरं का. आपल्या मेंदूत बदामाच्या आकाराचा एक भाग असतो, अमिग्डाला. हा मनाचा पहारेकरी. तो फार विचार करत बसत नाही. जुन्या दुःखाच्या वेळचा वास, आवाज किंवा शब्द पुन्हा आला, की धोक्याची घंटा बडवतो. छाती धडधडते, घसा दाटून येतो.

आता समज, आजी गेल्यापासून तुला झोप लागत नाही. आईने तुला समुपदेशक ताईंकडे नेलं. शाळेच्या गप्पा रंगल्यात. ताई सहज विचारतात, "डबा कोण भरून देतं?" आणि तुला एकदम रडूच फुटतं! वाटतं, अरेच्चा, हे कुठून आलं? लाज वाटते. पुढच्या वेळी जायलाच नको, असंही वाटतं.

लाजू नकोस. त्या कुत्र्याला सांगता येत नव्हतं, तुला येतं. "ताई, जरा थांबूया," असं खुशाल म्हण. पाय जमिनीवर नीट टेकव. श्वास सावकाश सोड. खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मनात घे. मेंदूला हळूहळू उमगतं, की पूर तेव्हाचा, आज नुसती धार आहे. मग जमेल तेवढंच सांग. उरलेलं पुढच्या वेळी.

आणि आई-बाबांनो, मूल रडवेलं बाहेर आलं, तर दारातच प्रश्नांची सरबत्ती नको. पाणी द्या, शेजारी बसा. घरी गेल्यावरही त्रास वाढतच राहिला, तर ताईंना जरूर कळवा. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस'च्या १४४१६ या नंबरवरही दिवसरात्र मोफत बोलता येतं.

बरंय तर, भेटू पुढच्या आठवड्यात!