शिवारातला बिबट्या आणि पडद्यावरचे राक्षस

सुटीच्या दिवसांत कोणता सिनेमा लावायचा यावरून घरोघरी वाद होतो. त्यात बहुधा दोन पक्ष असतात. थोरल्यांना हसायचे असते, धाकट्यांना घाबरायचे असते. मग एका बैठकीला विनोदी चित्रपट लागतो आणि दुसरीला कुठल्यातरी अक्राळविक्राळ प्राण्याचा. दोन्हींकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहण्याची रीत आहे. बीड जिल्ह्यातील घरांना मात्र ते इतके सहज जमू नये, कारण या जिल्ह्याने हे दोन्ही प्रकार तिकीट न काढता अनुभवले आहेत. २०२० च्या हिवाळ्यात आष्टी तालुक्यात नरभक्षक बिबट्याची दहशत पसरली होती. पुढच्याच हिवाळ्यात माजलगाव तालुक्यातील लवूळ गावच्या वानरांनी साऱ्या जगाची करमणूक केली. या दोन घटना मनाशी ठेवून काही चित्रपट पाहिले, तर त्यांची प्रतवारी थोडी वेगळी लागते.

प्राण्याच्या भीतीवर उभ्या असलेल्या चित्रपटांत स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘जॉज’ (१९७५) आजही अव्वल ठरावा. समुद्रकाठचे लहानसे गाव, पाण्यात शिरलेला प्रचंड शार्क आणि ऐन हंगाम बुडेल म्हणून किनारा बंद करायला तयार नसलेला नगराध्यक्ष, एवढीच कथा. चित्रीकरणासाठी बनवलेला यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात वरचेवर बिघडत असे. त्यामुळे दिग्दर्शकाला तो शक्य तितका कमी दाखवावा लागला. चित्रपटाला त्याचा फायदाच झाला, कारण न दिसणारा प्राणी दिसणाऱ्याहून अधिक भिववतो.

आष्टीकरांना हे तत्त्व कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. त्या दिवसांत बिबट्या प्रत्यक्ष पाहिलेली माणसे थोडी होती, पण शिवारातून तो हलतच नव्हता. कापूस वेचायचा होता, तुरीचे रान उभे होते. तरी पाऊल उचलत नव्हते. शेतीपंपाची वीज रात्रीची आली, की दारे धरायला जायचे कोणी, हा प्रश्न घरात उभा राही. बीड, अहमदनगर आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या सीमेवर माणसांचे बळी गेले. अखेर १८ डिसेंबर २०२० रोजी करमाळा तालुक्यात त्या बिबट्याला गोळी घालण्यात आली.

‘जॉज’चा शेवटही असाच आहे. प्राणी मरतो, प्रेक्षक सुटकेचा श्वास सोडतो आणि दिवे लागतात. हा शेवट कथेला शोभतो, पण त्याची किंमत बाहेर मोजली गेली. चित्रपटानंतर शार्क म्हणजे मारून टाकण्याचीच वस्तू, अशी समजूत बळावली. मूळ कादंबरीचे लेखक पीटर बेंचली यांना पुढे याची खंत वाटली आणि उर्वरित आयुष्यात ते शार्कांच्या रक्षणासाठी काम करीत राहिले. चित्रपट पाहून झाल्यावर मुलांना ही हकीकत अवश्य सांगावी. तिच्यावाचून ‘जॉज’ अर्धाच पाहिल्यासारखा होतो.

मुले मग नेमका अवघड प्रश्न विचारतील. आष्टीच्या बिबट्याला मारणे बरोबर होते का? ज्या घरात जीवदयेचे संस्कार आहेत, तिथे हा प्रश्न टाळून चालणार नाही. ज्यांच्या घरचे माणूस गेले, त्यांच्यापुढे अहिंसेचे प्रवचन करणे हीसुद्धा एक प्रकारची कठोरताच होय. त्याच वेळी त्या एका जनावरामुळे दिसेल त्या बिबट्याला वैरी ठरवणे हा उघड अन्याय आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हे दहा-बारा वर्षांच्या मुलाला समजते. मोठ्यांनाच ते कधी कधी जड जाते.

या अन्यायावरचा उतारा म्हणून सुजय डहाके यांचा ‘आजोबा’ (२०१४) पाहावा. ऊर्मिला मातोंडकर यांनी त्यात बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या संशोधिकेची भूमिका केली असून, कथेला विद्या अत्रेय यांच्या प्रत्यक्ष कामाचा आधार आहे. २००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक बिबट्या वर काढण्यात आला, त्याच्या गळ्यात मागोवा घेणारा पट्टा बसवण्यात आला आणि त्याला माळशेज घाटात सोडण्यात आले. तेथून सुमारे १२० किलोमीटर चालत तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. वाटेत गावे होती, रस्ते होते, माणसांची वर्दळ होती. त्याने कोणालाही इजा केली नाही. पुढे २०११ मध्ये वाहनाच्या धडकेने त्याचा अंत झाला. चित्रपट म्हणून ‘आजोबा’ काहीसा संथ आहे. माणसांचे प्रसंग बिबट्याच्या प्रवासाइतके पकड घेत नाहीत, हे मान्य करावे लागते. तरीही रात्रीच्या अंधारात गावाच्या कडेने मुकाट्याने निघून जाणारा तो प्राणी मनात राहतो. बिबट्या जवळ असणे आणि बिबट्याने हल्ला करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या साधेपणाने दुसऱ्या कोणत्या मराठी चित्रपटाने सांगितलेले नाही.

एवढे गांभीर्य झाल्यावर ‘वळू’ (२००८) लावण्यास हरकत नाही. उमेश कुलकर्णी यांच्या या चित्रपटात कुसवडे नावाचे गाव आहे आणि गावात डुरक्या नावाचा मोकाट वळू. त्याला पकडण्यासाठी वनाधिकाऱ्याला पाचारण केले जाते, आणि हा तर गावचाच बैल, तो वन्य प्राणी झाला कधी, येथूनच गमतीला सुरुवात होते. अतुल कुलकर्णी, मोहन आगाशे, दिलीप प्रभावळकर, भारती आचरेकर, नंदू माधव, गिरीश कुलकर्णी अशी एकाहून एक सरस मंडळी त्यात आहेत. एकही पात्र केवळ हशा पिकवण्यासाठी आणलेले नाही. गावातील प्रत्येक नुकसानीचे, प्रत्येक लपवाछपवीचे खापर डुरक्यावर फुटते. सरपंच आणि त्यांचा विरोधक यांचे राजकारणही त्या बिचाऱ्याच्या पाठीवर बसूनच चालते. हसता हसता प्रेक्षकाच्या ध्यानात येते, की या गोष्टीतला ‘राक्षस’ गावाने आपल्या सोयीसाठी घडवला आहे. घरातल्या तीन पिढ्यांना एकत्र बसून पाहता येईल, असा हा विनोद आहे.

लवूळची हकीकत ऐकली तेव्हा ‘वळू’ पाहिलेल्यांना कुसवडे आठवले असेल. डिसेंबर २०२१ मध्ये तेथील वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर, छतांवर नेत आणि ती उंचावरून पडून मरत. अडीचशे पिल्ले मारली गेल्याची बातमी जगभर पोचली. आकड्याविषयी पुढे शंका घेतली गेली, पण तोवर वानर आणि कुत्रे यांच्या ‘युद्धा’वर चित्रांचा आणि चुटक्यांचा पाऊस पडून गेला होता. नागपूरहून आलेल्या वनविभागाच्या पथकाने दोन वानरे पकडून नेली. दूर बसलेल्यांना तो फुकटचा विनोदी चित्रपट होता. गावात मात्र पिल्ले मरत होती आणि लेकरांना अंगणात सोडायला आया धजत नव्हत्या. चांगल्या विनोदाची एक कसोटी येथे हाती लागते. ज्यांच्याविषयी विनोद आहे, त्यांना त्यात सामील होता आले पाहिजे. ‘वळू’ पाहताना कुसवड्यासारख्या गावातला माणूस सर्वांत मोठ्याने हसतो. लवूळवरचे चुटके लवूळमध्ये बसून वाचण्यासारखे नव्हते.

मुले थोडी मोठी असतील तर अमित मसूरकर यांचा ‘शेरनी’ (२०२१) दाखवावा. विद्या बालन यांनी रंगवलेली वनाधिकारी आरडाओरडा करीत नाही, संवादफेक करीत नाही, शेवटी जिंकतही नाही. बछड्यांसह फिरणारी वाघीण, निवडणुकीसाठी तिचा उपयोग करून घेणारे पुढारी आणि बंदूक चालवण्यास उतावीळ झालेला शिकारी, यांच्यामध्ये ती उभी आहे. यवतमाळ जिल्ह्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये ठार केलेल्या ‘अवनी’ वाघिणीची आठवण पदोपदी येते. चित्रपट मनाला हुरहुर लावून संपतो. ज्यांना सुखान्तच हवा आहे, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

निव्वळ राक्षसाचा चित्रपट हवा असेल, तर जपानचा ‘गॉडझिला’ गाठावा. इशिरो होंडा यांचा मूळ चित्रपट १९५४ चा, कृष्णधवल आणि वाटतो त्याहून गंभीर. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या अणुचाचणीची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली होती. पडद्यावरचा राक्षसही अणुचाचणीनेच जागा होतो. ताकाशी यामाझाकी यांच्या ‘गॉडझिला मायनस वन’ला (२०२३) दृश्यपरिणामांसाठी ऑस्कर मिळाले, त्यातला पश्चात्तापाने पोळलेला वैमानिक राक्षसाइतकाच लक्षात राहतो. राक्षस आकाशातून पडत नाही, त्याच्या येण्याला माणसाची करणी कारण असते, ही त्यामागची जाणीव. बालाघाटच्या डोंगररांगेत अणुबॉम्ब फुटलेले नाहीत. परंतु माळराने आणि झाडी आक्रसली, बिबट्याने उसाच्या फडालाच जंगल मानले आणि गावाच्या कडेला मोकाट कुत्री हे त्याचे आयते भक्ष्य झाले, ही साखळी महाराष्ट्रात ठिकठिकाणी दिसते.

आपल्या मातीतल्या भुतांविषयी दोन शब्द. आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’त (२०२४) कोकणातील लोककथेचा मुंजा आहे. तो भिववतो कमी आणि हसवतो जास्त, त्यामुळे शाळकरी मुलांना चालेल. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) मात्र लहानांसाठी नाही. त्यातला हस्तर हा लोभाचा राक्षस आहे, आणि त्याच्याहून भयानक आहे ते त्याच्या खजिन्याकडे पुन्हा पुन्हा जाणाऱ्या बापाचे शहाणपण. अपरिग्रहावर इतके परिणामकारक निरूपण चित्रपटगृहात क्वचितच ऐकायला मिळते.

हे सगळे एका सुटीत पाहायचे असेल, तर आधी ‘वळू’, मग ‘आजोबा’ आणि त्यानंतर ‘जॉज’ असा क्रम ठेवावा. बिबट्या कसा जगतो हे कळल्यावर शार्कची भीती योग्य मापात राहते. शेवटच्या दिवशी मुलांना शिवारातले चार नियमही सांगून ठेवावेत. अंधारात एकट्याने जाऊ नये. हातात बॅटरी असावी आणि मोठ्याने बोलत चालावे. बिबट्या दिसला तर गर्दी करू नये, त्याचा पाठलाग करू नये, चित्रीकरणासाठी जवळ तर मुळीच जाऊ नये. आणि १९२६ या क्रमांकावर वनविभागाला कळवावे. ऊसतोडीच्या हंगामात फडाशेजारच्या कोपीत राहणाऱ्या मजुरांच्या लेकरांना हे नियम सर्वांत आधी कळायला हवेत. त्यांच्यापर्यंत हा सिनेमा पोचत नाही, सांगणारे माणूस मात्र पोचू शकते.