खिशातलं पिस्तूल आणि १० गोळ्यांची मर्यादा: अमेरिकेत नेमका वाद काय आहे?

अमेरिकेत स्वसंरक्षणासाठी पिस्तूल घ्यायला निघालेल्या माणसापुढे दोन प्रश्न असतात. ते कपड्यांखाली लपेल का? आणि त्यात गोळ्या किती बसतील? पहिल्याचं उत्तर दुकानात मिळतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र तुम्ही कोणत्या राज्यात राहता यावर ठरतं.

'कन्सील्ड कॅरी' म्हणजे काय?

सार्वजनिक ठिकाणी बंदूक कुणाला दिसणार नाही अशी बाळगणं म्हणजे 'कन्सील्ड कॅरी'. पूर्वी न्यूयॉर्कसारख्या राज्यांत त्यासाठी 'खास कारण' दाखवावं लागायचं. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ही अट रद्द केली. आज २९ राज्यांत तर बहुतेक प्रौढांना त्यासाठी परवानाही लागत नाही.

आकार आणि गोळ्यांचं गणित काय?

गोळ्या जास्त हव्या तर मॅगझिन मोठं आणि पिस्तूल जाड. हे पूर्वीचं साधं गणित होतं. लपवायला सोपं म्हणून अनेक जण पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर घ्यायचे. २०१५ मध्ये ग्लॉक कंपनीने आणलेल्या सडपातळ 'ग्लॉक ४३'च्या मॅगझिनमध्ये सहाच गोळ्या बसायच्या, कारण त्या एकावर एक अशा एकाच रांगेत असत.

२०१८ मध्ये सिग सावरच्या 'पी ३६५'ने हे गणित बदललं. मॅगझिनची रचना बदलून कंपनीने जवळपास तेवढ्याच आकारात १० गोळ्या बसवल्या. मग इतर कंपन्याही याच स्पर्धेत उतरल्या. खिशात मावणाऱ्या पिस्तुलातही आज १२ ते १५ गोळ्या मिळू शकतात. म्हणजे अडचण तंत्रज्ञानाची उरलेली नाही, कायद्याची आहे.

मग १० हा आकडा आला कुठून?

१९९४ च्या केंद्रीय कायद्याने १० पेक्षा जास्त गोळ्यांच्या नव्या मॅगझिनवर बंदी आणली. ती २००४ मध्ये संपली. पण कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी अशा राज्यांनी आपल्या कायद्यात १० ची मर्यादा ठेवली आहे. कोलोरॅडोत ती १५ आहे. टेक्सास, फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनियात अशी मर्यादाच नाही.

इतक्या गोळ्या खरंच लागतात का?

इथेच खरा वाद आहे. कॅलिफोर्नियाच्या खटल्यात सरकारी बाजूने एक विश्लेषण सादर झालं. बंदूक समर्थक 'नॅशनल रायफल असोसिएशन'नेच संकलित केलेल्या स्वसंरक्षणाच्या घटनांवर ते आधारलं होतं. त्यानुसार बचाव करणाऱ्याने सरासरी २.२ गोळ्या झाडल्या.

बंदूक समर्थकांना हा युक्तिवाद मान्य नाही. त्यांच्या मते भीतीने हात थरथरत असताना नेम चुकतो, हल्लेखोर एकापेक्षा जास्त असू शकतात, आणि सरासरीवरून आपल्यावरचा प्रसंग कसा असेल ते कळत नाही.

बंदीचे समर्थक ॲरिझोनातल्या टूसॉनचं उदाहरण देतात. ८ जानेवारी २०११ रोजी तिथे खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या कार्यक्रमात हल्लेखोराने ३३ गोळ्यांचं मॅगझिन लावलेल्या पिस्तुलातून गोळीबार केला. सहा जणांचा जीव गेला, गिफर्ड्स यांच्यासह १३ जण जखमी झाले. ते मॅगझिन रिकामं झालं आणि तो दुसरं लावू लागला, तेव्हाच आजूबाजूच्या लोकांनी त्याच्यावर झडप घातली.

म्हणजे मॅगझिन बदलण्याचे ते काही सेकंद एका बाजूला धोका वाटतात, तर दुसऱ्या बाजूला जीव वाचवण्याची संधी.

न्यायालयांनी काय म्हटलं?

मार्च २०२५ मध्ये नवव्या सर्किट अपील न्यायालयाने कॅलिफोर्नियाची बंदी ७ विरुद्ध ४ मतांनी कायम ठेवली. मोठं मॅगझिन हे राज्यघटनेने संरक्षण दिलेलं 'शस्त्र' नसून जोडीचं साहित्य आहे, असं बहुमताचं म्हणणं होतं. जून २०२५ मध्ये ऱ्होड आयलंडच्या अशाच बंदीविरोधातली याचिका ऐकायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. त्यामुळे तेव्हा देशभरासाठी एकच नियम ठरला नाही.

तिथल्या मराठी कुटुंबांशी याचा काय संबंध?

न्यू जर्सीत मराठी कुटुंबं बरीच आहेत. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात कायदेशीर असलेलं १५ गोळ्यांचं मॅगझिन न्यू जर्सीत बाळगणं गुन्हा ठरतो. शिवाय एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्यानुसार बंदूक बाळगायला मुळातच मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही.

भारतात चित्र पूर्ण वेगळं आहे. इथे परवान्याशिवाय बंदूक घेताच येत नाही आणि अमेरिकेत सर्रास मिळणारं ९ एमएम पिस्तूल सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित आहे.

अमेरिकेत मात्र पिस्तूल निवडताना आकार, वजन आणि किमतीइतकाच राज्याचा कायदाही तपासावा लागतो. दुकानात चांगला वाटलेला पर्याय राज्याची हद्द ओलांडताच तुरुंगात नेऊ शकतो.