बारा फोटो आणि एक सावली

आमच्या घरी एक जुना अल्बम आहे. काळ्या जाड कागदाची पाने, फोटोंच्या टोकांना चिकटवलेले छोटे त्रिकोणी कागदी कोपरे आणि दोन पानांच्या मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ कागद. ज्यांच्या घरात असा अल्बम आहे त्यांना त्याचा वास वेगळा सांगायला नको. या अल्बममध्ये १९७१ सालच्या मे महिन्यातली आमची चिखलदऱ्याची सहल आहे. फोटो एकूण बारा. सहल चार दिवसांची होती, माणसे चौदा होती, पण रोल बाराचा होता, म्हणून फोटो बारा.

वडील बाभुळगावला शिक्षक होते. कॅमेरा त्यांचा नव्हता. धामणगावच्या एका स्नेह्याकडून चार दिवसांच्या बोलीवर आणलेला आग्फा क्लिक थ्री. बडोद्याला तयार होणारा हा काळा डबा त्या काळात मध्यमवर्गाच्या घरात रेडिओच्या खालोखाल मानाचा होता. त्यात करण्यासारखे फारसे काही नसे. ऊन आहे की ढग आहेत एवढे ठरवायचे, दहा पावले दूर उभे राहायचे आणि सूर्य आपल्या पाठीशी ठेवायचा. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी म्हणजे फोटोतल्यांच्या डोळ्यांत. त्यामुळे आमच्या त्या बाराही फोटोंत सगळे कुटुंब कपाळाला आठ्या घालून, डोळे बारीक करून उभे आहे. चार दिवसांत आम्ही एकमेकांशी भांडतच होतो, असे कुणालाही वाटावे.

बाबा त्या बारांपैकी एकाही फोटोत नाहीत. मात्र तीन फोटोंत, खालच्या बाजूला, गवतावर एक लांबट सावली पडलेली आहे. दोन्ही कोपरे बाहेर आलेले, कॅमेरा डोळ्याला लावलेला. क्लिक थ्रीमध्ये डोकावणाऱ्या माणसाची सावली तशीच पडते. चिखलदऱ्याच्या सहलीतले बाबा आमच्याकडे एवढेच आहेत.

आई एका फोटोत आहे. गाविलगडाच्या दरवाजापाशी काढलेला तो ग्रुप फोटो. १८०३ साली वेलस्लीच्या फौजा ज्या किल्ल्यात शिरल्या, त्याच किल्ल्यात आमचे मोठे बाबा, मोठी आई, काका-काकू आणि आम्ही सात पोरे दशम्यांचे डबे घेऊन शिरलो होतो. बाकीच्या फोटोंच्या वेळी आई काय करत होती ते मला बऱ्यापैकी आठवते. भीमकुंडापाशी ती धाकट्याला झोपवत होती. (मे महिन्यात भीमकुंडाला पाणी नव्हतेच; आम्ही नुसत्या कातळाचा फोटो काढून आलो.) देवी पॉइंटवर ती डबे उघडत होती. आणि चौदावे माणूस, आमची आत्याबाई, ती तर कुठेच नाही. आत्याबाई विधवा होती. फोटोची वेळ आली की ती आपण होऊन म्हणायची, "मी चपला पाहते." तिला कुणी ये म्हटल्याचे मला आठवत नाही. तेव्हा त्यात काही वावगे आहे असे आम्हा कुणालाच वाटले नाही, आणि हे लिहिताना आज मला त्याचीच लाज वाटते.

आई १९८६ साली गेली. तेराव्याच्या आत भिंतीवर लावायला फोटो हवा होता. घरभर शोधले. लग्नातला फोटो वाळवीने खाल्लेला. उरला तो गाविलगडाचा ग्रुप. यवतमाळच्या स्टुडिओत नेऊन त्यातून आई कापून काढली, म्हणजे निगेटिव्हवर तेवढाच भाग मोठा केला. पोस्टाच्या तिकिटापेक्षा लहान चेहरा बारा बाय पंधराचा केल्यावर त्यात उरते काय? ठिपके. त्यावर स्टुडिओतल्या कलावंताने पेन्सिलने आणि ब्रशने हात फिरवला. नाक थोडे सरळ झाले, कपाळावरची आठी गेली. ग्रुपमध्ये मोठ्या आईचा हात आईच्या खांद्यावर होता, तो पुसून तिथे पदर रंगवला गेला. पण नीट पाहिले तर पदराला त्या जागी बोटांसारख्या चार चुण्या दिसतात. आज ज्या बाईला आम्ही दर दिवाळीला हार घालतो ती आईसारखी दिसते, पण आई नव्हे. मला खरी वाटतात ती त्या चार चुण्यांतली मोठ्या आईची बोटे.

कौटुंबिक फोटोचा इतिहास पाहिला तर कोणाला चौकटीत घ्यायचे आणि कोणाला नाही, हा प्रश्न त्याच्या जन्मापासूनच आहे. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरचा शोध जाहीर झाला आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले छायाचित्रकार. म्हणजे कला इथे यायला वेळ लागला नाही. घरातल्या बायका कॅमेऱ्यासमोर यायला लागला. राजा दीनदयाळांनी १८९२ साली हैदराबादेत खास पडदानशीन स्त्रियांसाठी स्टुडिओ काढला आणि तो चालवायला एक इंग्रज बाई नेमली, ती उगाच नव्हे. तिकडे ईस्टमनच्या कोडॅकने १९०० साली एक डॉलरला ब्राउनी कॅमेरा विकायला काढला आणि फोटो काढणे हे पोरासोरांचे काम झाले. आपल्याकडे तालुक्याच्या गावी ते व्हायला आणखी सत्तर-ऐंशी वर्षे गेली. तोवर स्टुडिओ होता. रंगवलेला पडदा, त्यावर ताजमहाल किंवा दल लेक, प्लास्टिकच्या फुलांची कुंडी, दोरीला बांधलेला कंगवा, पावडरचा डबा आणि सगळ्या मापांना 'बसणारा' एकच कोट. आणि एक लाकडी खुर्ची. त्या खुर्चीवर घरातला कर्ता पुरुष बसे, त्याच्या शेजारी मुलगा उभा राही, सुना मागच्या रांगेत. बँकेत आम्ही जसा ताळेबंद वाचत असू तसा तो फोटो वाचता येतो. घरात कोणाच्या नावावर काय जमा आहे ते लगेच कळते.

मी बँकेत लागलो आणि आमच्या घरातही कॅमेरा आला. बँकवाल्यांच्या सहली एल.टी.सी.च्या. बिल मंजूर व्हायला तिकिटे पुरत, पण नातेवाइकांना फोटो लागत. छत्तीसचा रोल पुरवून पुरवून वापरायचा. त्यामुळे एकाच रोलमध्ये आरंभी वैष्णोदेवी, मध्ये कुणाचा तरी वाढदिवस आणि शेवटी घरचा सत्यनारायण. १९८९ साली आम्ही कन्याकुमारीला गेलो. सूर्योदय, विवेकानंद स्मारक, मुलांच्या गळ्यात शंखांच्या माळा, सगळे मी टिपले. परतल्यावर कळले, रोल चक्राला अडकलाच नव्हता. छत्तीसच्या छत्तीस कोरे. सौभाग्यवती दोन दिवस बोलल्या नाहीत.

गंमत अशी की आमच्या सगळ्या सहलींत कन्याकुमारीच मला सर्वांत स्पष्ट आठवते. याला थोडा शास्त्राचा आधारही आहे म्हणायचा. अमेरिकेतल्या लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंचा एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. संग्रहालयात लोकांना काही वस्तू नुसत्या पाहायला आणि काहींचे फोटो काढायला सांगितले. फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. मात्र ज्यांनी वस्तूचा एखादा भाग जवळ आणून टिपला, त्यांची आठवण तशी पुसट झाली नाही. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नाही, न पाहण्याचा आहे. सुसान सोंटाग यांनी १९७७ च्या आपल्या पुस्तकात आणखी एक मर्म सांगितले होते. ज्यांना काम केल्याशिवाय चैन पडत नाही त्यांना सुटीत अपराधी वाटते, आणि कॅमेरा त्यांना काहीतरी काम देतो. हे वाचताना मला बाबांची ती सावली आठवली. चार दिवस शाळा नाही, वही तपासायची नाही. त्या माणसाने करायचे तरी काय?

आता बँकेतली एक गोष्ट सांगतो. १९९७ साल. आमच्याच जिल्ह्यातल्या एका शाखेत मी व्यवस्थापक होतो. खात्याला फोटो लावण्याचा नियम तोवर रुळला होता. एक दिवस विशीतला एक मुलगा केबिनच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"साहेब, मायचा फोटो पाह्यजे होता."

"कोणता फोटो?"

"तुमच्या इथं हाये जी. खात्याच्या कागदावर. माय गेली मागच्या पंधरवड्यात. तिचा तेवढा एकच फोटो हाये."

मी विचारले, मतदार कार्ड? शेषनसाहेबांमुळे १९९३ पासून ती कार्डे निघू लागली होती आणि खेड्यातल्या कितीतरी बायकांच्या आयुष्यातला तो पहिला फोटो होता. तो म्हणाला, "कार्डवाले आले त्या दिवशी माय वेचणीले गेली होती."

मी त्याला नियम सांगितला. बँकेचे कागद बाहेर देता येत नाहीत. तो "बरं जी" म्हणाला आणि गेला. त्याने हुज्जत घातली असती तर बरे झाले असते. संध्याकाळी घरी आलो, भिंतीवरच्या फोटोकडे लक्ष गेले, त्या चार चुण्यांकडे गेले आणि जेवण गोड लागेना. कागद बाहेर देता येत नाही. पण फोटोचा फोटो काढू नये असे कुठल्या परिपत्रकात लिहिले आहे? दुसऱ्या दिवशी गावातल्या फोटोग्राफरला बँकेत बोलावले. खिडकीजवळच्या टेबलावर तो अर्ज ठेवला, उजेड नीट घेतला आणि त्याने दोन फोटो टिपले. कागद पुन्हा तिजोरीत गेला. शिपायाकडून निरोप धाडला. मुलगा आठवड्याने आला. पोस्टकार्ड आकाराची ती प्रत त्याने दोन्ही हातांत धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, "त्या दिवशी तिनं कुकू मोठ्ठं लावलं होतं." पैसे किती म्हणून विचारले, तेव्हा मी उगाच फाइलीत डोके घातले.

म्हणून मोबाइलवर उठसूट टीका करणाऱ्यांच्या पंगतीत मी बसत नाही. त्या मुलाच्या मायजवळ आजचा फोन असता तर तिचे शंभर फोटो असते, निंदतानाचे, हसतानाचे, नातवाला मांडीवर घेतलेले. आत्याबाईलाही आज कुणी चपलांपाशी उभे करणार नाही. हे लहान काम नाही.

माझी तक्रार दुसरी आहे. आपण पूर्वीही घराचा फोटो काढला नाही आणि आजही काढत नाही. स्टुडिओत ताजमहालासमोर उभे राहिलो, चिखलदऱ्याला दरीसमोर, आता कुठल्याशा हॉटेलच्या पोहण्याच्या तलावासमोर. पण ज्या ओसरीवर जन्म गेला, जिथे दिवाळीच्या सुमारास छतापर्यंत कापूस भरलेला असायचा आणि आम्ही पोरे त्यात उड्या मारायचो, त्या खोलीचा एक फोटो आमच्याकडे नाही. बेंबळा प्रकल्प झाला तेव्हा बाभुळगाव तालुक्यातली काही गावे पाण्याखाली गेली आणि माणसे पुनर्वसनात गेली. त्यातल्या एका घरी मी बसलो होतो. काश्मीरच्या पडद्यापुढचा लग्नाचा फोटो भिंतीवर होता. जुने घर कसे होते म्हटल्यावर म्हाताऱ्याने जमिनीवर बोटाने रेघा ओढून दाखवले. इथे दार, इथे उखळ, इथे बैल.

गेल्या डिसेंबरात मुलगा, सून, नातवंडे पुण्याहून आली आणि आम्ही सगळे पुन्हा चिखलदऱ्याला गेलो. तीन दिवस, चार फोन. परतल्यावर मी जुन्या सवयीने मोजदाद केली. एकूण फोटो ११४०. त्यांत आमच्या सौभाग्यवती नऊ ठिकाणी. नवांपैकी सातांत त्यांच्या हातात कुणाचे तरी स्वेटर किंवा पिशवी. म्हणजे बारांत एक असलेल्या आईपेक्षा हिचा हिशेब वाईट. सुनेला हे दाखवले तेव्हा ती आधी हसली, मग गप्प झाली, कारण तिने स्वतःला शोधले तर ती निम्म्या फोटोंमागे होती आणि आता तिची सावलीही पडत नाही.

मुलाचा याआधीचा फोन पाण्यात पडला तेव्हा नातीची पहिली दोन वर्षे त्यात बुडाली. त्याने प्रत ठेवली नव्हती. ११४० फोटोंचेही तेच होऊ नये म्हणून मी ठरवले, यातले बारा छापायचे. बाराच. मागे तारीख, गाव आणि प्रत्येकाचे नाव शिसपेन्सिलीने लिहायचे, कारण शाई पुढच्या फोटोला लागते. जुन्या अल्बममध्ये दोन पाने रिकामी आहेत, त्यांत ते लावायचे. रंगीत प्रती काही वर्षांनी लालसर पडतात, त्या पडोत.

चार संध्याकाळी आम्ही दोघे निवडायला बसलो आहोत. अकरा ठरले. बारावा फोटो चिखलदऱ्याचा नाहीच. निघण्याच्या सकाळी नातवाने इथे बाभुळगावला अंगणात टिपलेला आहे. त्यात सौभाग्यवती नळाखाली डबे धूत कुणावर तरी ओरडत आहेत. त्या म्हणतात, "हा नको, माझे तोंड उघडे आहे." मी म्हणतो, हाच हवा. अजून निकाल लागलेला नाही.