नर्सच्या कामाची चौकशी झाली, पुढे काय होतं?

समजा, मेळघाटातल्या एका उपकेंद्रात बाळंतपणानंतर महिलेला रक्तस्राव सुरू झाला. तिला आधी धारणीला, मग अमरावतीच्या डफरिनला हलवलं, पण ती वाचली नाही. उपकेंद्रातल्या नर्सचं काही चुकलं का, हे कोण ठरवणार? आणि ठरल्यावर तिचं काय होणार?

हा प्रश्न आता जास्त महत्त्वाचा आहे, कारण नर्सचं काम वाढतंय. आयुष्मान आरोग्य मंदिरांत बीएस्सी नर्सिंग झालेले समुदाय आरोग्य अधिकारी रुग्ण तपासतात. अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही देशात सुरू आहे.

अमेरिकेत काय होतं?

तिथे नर्स प्रॅक्टिशनरच्या कामाची तपासणी तिच्याच क्षेत्रातले सहकारी करतात. याला पीअर रिव्ह्यू म्हणतात. त्यानंतर पायऱ्या असतात: चूक नाही, समज देणं, ठरावीक काळ देखरेख, अधिकारांवर मर्यादा आणि गंभीर प्रकरणात परवाना मंडळाकडे तक्रार.

आपल्याकडे काय होतं?

सरकारी रुग्णालयात परिसेविका, अधिसेविका आणि जिल्हा शल्यचिकित्सक अशी साखळी असते. आधी लेखी खुलासा मागितला जातो किंवा कारणे दाखवा नोटीस निघते. कायम कर्मचाऱ्याची विभागीय चौकशी होते. कंत्राटी नर्सचा करारच संपवला जाऊ शकतो.

दुसरी वाट नर्सिंग कौन्सिलची. १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमानुसार कौन्सिल चौकशी करून नोंदणी रद्द करू शकते. २०२३ च्या राष्ट्रीय कायद्यानं हे काम नव्या राज्य आयोगांकडे सोपवायचं ठरवलं आहे.

तिसरी वाट पोलिसांची. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (१) नुसार निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वैद्यकीय उपचार करताना असं घडलं, तर नोंदणीकृत डॉक्टरसाठी ही मर्यादा दोन वर्षं आहे. पण या व्याख्येत फक्त वैद्यकीय नोंदवहीतले डॉक्टर येतात, नर्स येत नाहीत. म्हणजे एकाच खाटेजवळ, एकाच प्रसंगात नर्सला जास्त शिक्षेची भीती.

ही भीती कागदावरची नाही. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण दगावले. त्यानंतर एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना अटक झाली. परिचारिकांच्या संघटनांनी त्याला विरोध केला.

मधली पायरी कुठे आहे?

ती एका ठिकाणी आहे, माता मृत्यू अन्वेषणात. गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतर ४२ दिवसांत त्या कारणांनी मृत्यू झाला, तर घरी जाऊन माहिती घेतली जाते, रुग्णालयाचे कागद पाहिले जातात आणि जिल्हा समिती आढावा घेते. दोषी शोधणं हा हेतू नसतो. घरून निघायला उशीर झाला, गाडी मिळाली नाही की रुग्णालयात उपचार वेळेवर झाले नाहीत, हे पाहिलं जातं.

बाकी चुकांसाठी, म्हणजे चुकीचं इंजेक्शन, चुकीचा डोस यासाठी, नर्सकडे दोनच पर्याय उरतात: गप्प राहणं किंवा नोटीस ओढवून घेणं. ती गप्प राहिली तर तिची नोकरी वाचते. पण तीच चूक अकोल्यातल्या किंवा अचलपुरातल्या पुढच्या रुग्णाच्या बाबतीत पुन्हा होऊ शकते. म्हणून शिक्षा किती असावी याइतकाच, चूक सांगायची सुरक्षित जागा कुठे आहे, हा प्रश्न नातेवाईकांसाठीही महत्त्वाचा आहे.