असाध्य रोग्याचे पथ्य

आमच्या सुशिक्षित घरांत असाध्य रोग्याची जी शुश्रूषा चालते, तीत माया पुष्कळ, परंतु विचार थोडा. वैद्यांनी हात टेकले, तरी चहातली साखर बंदच. लोणच्याची फोड दृष्टीस पडावयाची नाही. कोणी गप्पांस आले, तर दारातूनच परत! ज्याने कळा वाढतात ते टाळावे, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु पथ्य हे बरे होण्याचे साधन. बरे होणेच खुंटले, तेथे ते कोणासाठी पाळावयाचे? ‘चार दिवस अधिक मिळतील,’ असे कोणी म्हणेल. मिळोत, पण ते कसे घालवावेत, हे रोग्यास कधी विचारले आहे काय?

डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढले; १९८६ साली वांद्र्यास शांती अवेदना सदन निघाले. आधी वेदना शमवावी, मग उरलेला दिवस ज्याचा त्यास परत द्यावा, हे अशा शुश्रूषेचे सूत्र. २०१४ साली कायदा सुधारून मॉर्फीनची वाटही सुकर करण्यात आली. घरांनीच मागे का राहावे? ओसरीवरचे ऊन, सकाळचे वर्तमानपत्र, घोटभर गोड चहा, हे सारे मृत्यू हिरावणारच आहे; त्याच्या आधी आपण हिरावू नये.