आमच्या घरातला ‘जर-तर’चा खेळ



तुमच्या घरात असा एखादा विषय आहे का, जो निघाला की आई उठून स्वयंपाकघरात जाते, बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात आणि कुणीतरी म्हणतं, “जाऊ दे ते, आधी जेवून घ्या”? आमच्या घरात तो विषय म्हणजे बेळगाव.

आम्ही मूळचे बेळगावचे. बाबांच्या नोकरीमुळे मी लहान असतानाच बेंगळुरूला आलो आणि राजाजीनगरात स्थिरावलो. सात वर्षांपूर्वी ताईचं लग्न झालं. भाऊजी दावणगेरेचे, घरची भाषा कन्नड. आजोबा लग्नाला आले, अक्षता टाकल्या, आशीर्वाद दिला. पण त्यानंतर भाऊजींशी त्यांचं बोलणं “काय, बरं आहे ना?” याच्या पुढे कधी गेलं नाही. दोन वर्षांपूर्वी आजी गेली आणि आजोबा कायमचे आमच्याकडे आले. ताईचं घर आमच्याच इमारतीत, दोन मजले वर. त्यामुळे एकमेकांना टाळायला जागाच उरली नाही.

आजोबांचं दुखणं कळायला थोडं मागे जावं लागेल. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार राज्यरचना झाली. तोवर मुंबई राज्यात असलेला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, फक्त चंदगड तालुका त्यातून वगळला. आजोबा तेव्हा बारा वर्षांचे होते आणि त्यांच्या थोरल्या बहिणीला, आक्काला, नुकतीच चंदगड तालुक्यात दिली होती. “कालपर्यंत बहीण एकाच जिल्ह्यात होती, सकाळी उठून बघतोय तर परराज्यात,” असं ते सांगतात.

पुढची हकीकत तुम्ही बातम्यांत वाचली असेल. महाजन आयोगाने 1967 मध्ये दोन्हीकडच्या काही गावांची अदलाबदल सुचवली, बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवलं. महाराष्ट्राला ते मान्य झालं नाही. 2004 मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तो अजून चालू आहे. दरवर्षी 1 नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सव असतो आणि त्याच दिवशी बेळगावातले कितीतरी मराठी लोक काळा दिवस पाळतात. आजोबांनी तरुणपणापासून त्या दिवशी दंडाला काळी फीत बांधली. डिसेंबर 2022 मध्ये सीमाप्रश्न पुन्हा पेटला आणि दोन राज्यांमधल्या बस बंद झाल्या. तेव्हा आक्काआजी आजारी होती आणि आजोबा बेळगावच्या स्टँडवरून दोनदा परत आले.

आणि आता हेच आजोबा बेंगळुरूत राहतात, जिथे 1 नोव्हेंबरला आमच्या इमारतीच्या आवारात लाल-पिवळा झेंडा चढतो. पहिली दोन वर्षं त्या सकाळी त्यांनी बाल्कनीचं दार लावून घेतलं. आम्ही कुणीच काही बोललो नाही.

20 मे 2025 रोजी जयंत नारळीकर गेले. आजोबा त्यांचे भक्तच म्हणा ना. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर नारळीकरांची ‘ब्रह्मांड’ मालिका लागायची, तेव्हा म्हणे ते अख्ख्या चाळीला गप्प बसवायचे. त्या संध्याकाळी त्यांनी मला नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा वाचून दाखवायला सांगितली. मी ती अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने वाचली होती, परीक्षेपुरती. मराठीत वाचताना वेगळीच मजा आली.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर भलत्याच जगात जाऊन पोहोचतात. त्या जगात 1761 मध्ये पानिपतावर विश्वासरावांना लागायची ती गोळी चुकलेली असते आणि लढाई मराठ्यांनी जिंकलेली असते. बदल एका गोळीचा, पण त्यामुळे पुढची दोनशे वर्षं वेगळी होतात. गंमत म्हणजे तिथेही सगळं आपल्या मनासारखं नाहीच. मुंबईत अजून इंग्रज ठाण मांडून बसलेले आहेत!

ते ऐकताना भाऊजी दारात उभे होते. भाचीला न्यायला आले होते. म्हणाले, “अज्जा, अशीच एक सीरियल आहे. बघायची का?”

त्या मालिकेचं नाव ‘फॉर ऑल मॅनकाइंड’. पहिल्याच भागात जून 1969 मध्ये चंद्रावर पहिला माणूस उतरतो, आणि तो असतो रशियन. आजोबा खुर्चीतून उठलेच. “साफ खोटं! मी रेडिओवर ऐकलंय, आर्मस्ट्राँग होता.” मग दोन मिनिटांनी स्वतःच हसले आणि म्हणाले, “अच्छा, म्हणजे ह्यांचं पण पानिपत झालंय होय!”

तेव्हापासून रविवारी रात्री आमच्याकडे हा कार्यक्रम ठरला. संवाद इंग्रजी. मी मध्येमध्ये थांबवून आजोबांना मराठीत सांगायची आणि भाऊजी भाचीला कन्नडमध्ये. एक तासाचा भाग संपायला दोन तास लागायचे. ताईला त्यातली एक गोष्ट फार आवडली. रशियन लोक पुढे एका बाईला चंद्रावर उतरवतात, मग अमेरिकेलाही घाईघाईने स्त्री अंतराळवीर तयार कराव्या लागतात. ताई म्हणाली, “बघा, हरले म्हणून बायकांचा नंबर लवकर लागला.”

आपल्या राजकारणावरच्या भांडणांत हीच गोष्ट कधी होत नाही, असं मला तेव्हा वाटलं. आपण सुरुवातच ‘कोण बरोबर’ इथून करतो, त्यामुळे पहिल्या वाक्यालाच दोन बाजू पडतात. या मालिका ‘मग काय झालं असतं’ असं विचारतात, आणि त्याचं उत्तर शोधायला सगळे एकाच बाजूला बसतात.

त्यातूनच आमचा ‘जर-तर’चा खेळ सुरू झाला. नियम तीनच. पहिला, इतिहासातली एकच गोष्ट बदलायची. दुसरा, त्या बदलाने आपल्या बाजूचा एक फायदा झाला असता तो सांगायचा आणि एक तोटाही सांगायचा. तिसरा, त्या नव्या जगात आपल्या घरातलं एक माणूस नेऊन ठेवायचं आणि ते काय करत असेल ते सांगायचं.

पहिला डाव भाऊजींनी घेतला आणि मोठ्या हुशारीने घेतला. बेंगळुरू ही शहाजीराजांची जहागीर होती, पुढे ती व्यंकोजीराजांकडे आली. 1687 मध्ये मोगल सरदार कासिम खानने शहर घेतलं आणि ते तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांकडे गेलं. “जर ते तीन लाख तेव्हा मिळाले नसते, तर?” भाऊजींनी विचारलं. आजोबा खूश! पुढचा अर्धा तास बेंगळुरू मराठ्यांचं होतं. भाचीने तिसऱ्या नियमाप्रमाणे पणजोबांना राजाजीनगरच्या किल्ल्याचे किल्लेदार केलं.

मग ऑगस्टमधल्या एका रविवारी आजोबा स्वतःहून म्हणाले, “आज माझा डाव. जर 1956 ला बेळगाव मुंबई राज्यातच राहिलं असतं, तर?”

आईने सवयीने स्वयंपाकघराकडे पाहिलं. पण बसून राहिली.

“फायदा सांगा, आजोबा,” मी म्हटलं.

“फायदा एकच. मी नापास झालो नसतो.”

आम्हाला वाटलं होतं, ते नकाशाबद्दल बोलतील, आंदोलनाबद्दल बोलतील. त्यांनी सांगितली ती गोष्ट बाबांनाही माहीत नव्हती. आजोबा सरकारी खात्यात कारकून होते. 1974 च्या सुमारास नोकरीत पुढे जायला कन्नडची परीक्षा पास होणं भाग पडलं. सातवीपर्यंत वर्गात पहिला नंबर सोडला नव्हता असा हा माणूस, तिशीत, पोरांचा बाप झाल्यावर, त्या परीक्षेत दोनदा नापास झाला. हाताखाली शिकलेला मुलगा साहेब झाला. तिसऱ्या वेळी आजोबा पास झाले, पण तोवर पाच वर्षं गेली होती. “घरी सांगितलं नाही. तुझ्या आजीला म्हटलं, बढती मीच नको म्हणालो.”

कुणी काही बोलेना. मग भाऊजी हळूच म्हणाले, “अज्जा, माझ्या आईचं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं.”

अक्कलकोट महाराष्ट्रात, सोलापूर जिल्ह्यात, पण तिथल्या कितीतरी गावांत घरोघरी कन्नड बोलतात. भाऊजींचे तिकडचे आजोबा शेतकरी. त्यांना मराठी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. जमिनीचा सातबारा मराठीत. दरवेळी तालुक्याला जाताना ते शेजारच्या शाळकरी पोराला सोबत न्यायचे. पोराला भजी खायला घालायचे आणि कागद वाचून घ्यायचे. एकदा त्या पोराला नीट वाचता आलं नाही आणि त्यांनी भलत्याच कागदावर अंगठा केला. तेही घरी बरीच वर्षं कुणाला कळलं नव्हतं.

आजोबा बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग विचारलं, “मग? जमीन वाचली का?”

“अर्धी,” भाऊजी म्हणाले.

सात वर्षांत त्या दोघांचं एवढं बोलणं पहिल्यांदाच झालं होतं.

मला तेव्हा ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अ‍ॅट वन्स’ हा सिनेमा आठवला. त्यात लाँड्री चालवणारी एक आई असंख्य विश्वांतून फिरते आणि तिला आपलीच वेगवेगळी रूपं भेटतात. कुठे ती नटी आहे, कुठे आचारी. आजोबांचं दुसऱ्या विश्वातलं रूप शोधायला एवढं लांब जायची गरजच नव्हती. तो माणूस याच विश्वात होता, सीमेच्या पलीकडे, हातात न कळणारा कागद घेऊन उभा. दोघांची भाषा वेगळी, पण शरम एकच. एकाच्या मोर्चातल्या घोषणा दुसऱ्याच्या विरोधात होत्या, आणि दोघांनीही आपापल्या बायकोपासून एकच गोष्ट लपवली होती.

यातून सीमाप्रश्न सुटला का? मुळीच नाही. आजोबांचं मत बदलावं अशी माझीही अपेक्षा नव्हती. त्यांची पाच वर्षं खरीच गेली आहेत. मातृभाषेत कागद मिळावा, शाळा मिळावी, ही मागणी बेळगावच्या मराठी माणसाने करावी तशीच अक्कलकोटच्या कन्नड माणसाने करावी. एवढं मात्र झालं की पुढच्या रविवारी आजोबांनी नियमाप्रमाणे तोटाही सांगितला, जो त्या दिवशी राहून गेला होता. म्हणाले, “बेळगाव तिकडे गेलं असतं तर ह्याच्या बाबाने नोकरी पुण्या-मुंबईला धरली असती. मग ही पोरगी नसती की,” आणि मांडीवर झोपलेल्या भाचीच्या डोक्यावर हात ठेवला.

आता त्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरची गोष्ट. शनिवार होता. इमारतीच्या कार्यक्रमात भाचीचा नाच होता, पिवळं परकर-पोलकं, लाल ओढणी. ती सकाळीच खाली आली आणि आजोबांना म्हणाली, “मुत्तज्जा, तू येणार ना?” मुत्तज्जा म्हणजे कन्नडमध्ये पणजोबा. काही हवं असलं की ती कन्नडवर येते. ताई तिला ओढून न्यायला लागली. मी जीव मुठीत धरून उभी.

आजोबा म्हणाले, “तू हो पुढे.”

आम्हाला वाटलं, संपलं. खाली झेंडा चढला, भाषणं झाली. नाच सुरू व्हायच्या बेताला मी मागे वळून पाहिलं तर शेवटच्या रांगेत आजोबा! इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, आणि दंडाला काळी फीत. माझ्या पोटात गोळा आला. आता कुणी काही बोललं तर? तेवढ्यात भाऊजी उठले आणि मागे जाऊन त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. काही लोकांनी वळून पाहिलं, पुटपुटले आणि पुन्हा समोर बघू लागले.

नाच संपला. सगळ्यात जोरात टाळ्या शेवटच्या रांगेतून आल्या.

वर येताना लिफ्टमध्ये भाची म्हणाली, “मुत्तज्जा, तू टाळ्या वाजवल्यास!” आजोबा फीत सोडवत म्हणाले, “टाळ्या तुला. कोर्टातली केस अजून चालू आहे, बरं का.” आणि भाऊजींकडे वळून म्हणाले, “आज रविवार नाही, पण बघूया की एक भाग.”

तर मंडळी, तुमच्या घरातला तो ‘आधी जेवून घ्या’वाला विषय कुठला? या रविवारी त्याच्यावर ‘जर-तर’ खेळून बघा. नियम तीनच आहेत. तोटा सांगायचा नियम मात्र गाळू नका, आमचं घाेडं तिथेच पुढे सरकलं. आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला डाव नक्की द्या. काय सांगावं, पन्नास वर्षांपूर्वीचा एखादा निकाल तुम्हालाही कळेल.

भेटूया पुढच्या वेळी!